स्क्रीनशॉट कुठं ठेवू?

१

"दम असंल तर बन्सीकाकाचे स्क्रीनशॉट गायब करून दाखव," बजरंग म्हणला, आन चहाचा घोट गिळायच्या आधीच मी "हाव" म्हणून बसलो.

माझं नाव येडबा. हसून घ्या एकदाचं. आज्ज्याचं नाव ठेवलंय, देवाचं हाय, पण शाळेत हजेरी घेताना सर सुदिक हसायचे. नववीत मी शाळा सोडली. माय म्हणती शाळेनं मला सोडलं. तवापासून मानवतच्या एसटी स्टँडवर पडीक असतो. लोकांच्या मोबाईलचं काही अडलं तर काढून देतो, आन मधल्या वेळात कोणाच्या तरी खोड्या काढतो. बजरंगच्या हेल्मेटात लेंड्या मीच भरल्या होत्या. त्याला अजून वाटतं शेळीनं केलंय.

"बाजारच्या दिवसापर्यंत काकाला पत्ता नाही लागला पाहिजे," बजरंग म्हणला. "नाही लागला तर मी मिशी काढीन. हितंच, स्टँडवर, सगळ्यांसमोर."

त्याच्या मिशीत मोजून घ्यावे इतके केस. पण तिला रोज तेल लावायचा. म्हंजे पैज मोठी होती.

बन्सीकाकाचं ऑनलाईन सेंटर स्टँडच्या मागच्या गल्लीत. एक खोली, एक कंप्युटर, एक प्रिंटर. खुर्चीच्या मागं भिंतीला लागून एक लांब बाकडं. फॉर्म भरायला आलेली माणसं बाकड्यावर बसणार आन काकाच्या पाठीकडं बघत ऱ्हाणार. बाकड्याच्या वर भिंतीवर काकानं लाल रंगानं लिवलेलं: नंबर आल्याशिवाय उठू नये.

फॉर्म गेला की शेवटी एक पान येतं, हिरवी खूण आन खाली नंबर. ते पान एकदाच दिसतं. मिटलं की मिटलं. म्हणून काका लगेच बटन दाबून त्याचा स्क्रीनशॉट काढायचा. प्रिंटर चालू करायचं मात्र त्याच्या जिवावर यायचं. सगळ्यांचे कागद बाजारच्या दिवशी एकदाच काढायचा. गावाकडची माणसं तशीही त्याच दिवशी येणार. तवर पावती म्हंजे काय, तर कंप्युटरच्या पोटातला एक फोटो.

तो फोटोच पळवायचा होता.

२

पळवायला घुसावं लागलंच न्हाई. काकानंच बोलावलं.

"येडबा, बघ रे जरा. ह्या तीन ढगांनी मला बेजार केलंय."

मी खुर्चीत बसलो. काकानं बटन दाबलं. दाबल्याबरोबर कोपऱ्यात तीन चौकटी एकावर एक उगवल्या. एक निळ्या ढगाची, तो कंप्युटरसंगटच आला होता. दुसरी उघड्या खोक्याची, तो कंप्युटर बसवायला आलेल्या पोरानं टाकून दिलेला. तिसरी तिकोनाची, ते काकाच्या मोबाईलच्या मागं मागं आलेलं. तिघांचं म्हणणं एकच. स्क्रीनशॉट आमच्याकडं ठेवू का?

"मंग तुमी काय करता?"

"काय करतो, जिथं बोट पडंल तिथं हाव म्हणतो. एक पावती ढगात, एक खोक्यात. बाजारच्या दिवशी हुडकून हुडकून डोळे जातेत. तू सगळं एका जागी लाव बाबा."

लावलं की. ढगाला नको म्हणलं, खोक्याला नको म्हणलं. तिकोनात काकाचं खातं होतं ते काढलं आन माझं टाकलं. वर 'बन्सीकाका पावत्या' नावाचं फोल्डर ठेवलं, आतून रिकामं. खरं फोल्डर माझ्या खात्यात, काकाला दिसणार न्हाई असं लपवलेलं, म्हंजे माझ्या खिशात. आता काका बटन दाबणार, आन माझ्या मोबाईलवर टिंग वाजणार.

"झालं का?" काका म्हणला.

"एकदम फस्ट क्लास."

"गुणाचं रे लेकरू," म्हणून त्यानं मला पाठीवर थापटलं. त्या वक्ताला मला हसू दाबावं लागलं होतं, हे सांगतो.

तेवढ्यात बाकड्यावरून बायनाबाई उठली. आमच्याच वाडीची, सगळे तिला बायनामाय म्हणतेत. तिला पेन्शन असती. त्यासाठी तिला दरसाली 'मी जिवंत हाय' म्हणून कंप्युटरला सांगावं लागतं. अंगठा झाला, चेहरा झाला, हिरवी खूण आली. काकानं बटन दाबलं. माझ्या खिशात टिंग.

"कळलं का त्यांला? जिवंत हाय म्हणून?"

"कळलं, माय. बाजारी या, कागद न्या."

"तवर?"

"तवर तुमी ह्याच्यात हाव." काकानं कंप्युटरवर बोटानं टकटक केलं.

बायनामायनं स्क्रीनकडं बघितलं. स्वतःला हुडकायल्यासारखं.

३

त्या आठवड्यात लाईटीनं वात आणला होता, वेबसाईट बी रुसलेली. तीनच फॉर्म गेले. दुसरा सटवाआज्जाचा, शेळ्यांच्या योजनेचा. तो बी आमच्या वाडीचा. टिंग वाजलं की मी बजरंगला दाखवायचो आन दोघं खिदळायचो. फोटोत हसण्यासारखं काहीच नसायचं. नुसतं पांढरं पान, हिरवी खूण, नाव आन नंबर. पण काकाला वाटायलंय त्याच्याकडं हाय, आन हाय माझ्याकडं, ह्याचीच मजा.

तिसऱ्या टिंगला मी जिलेबी खायलो होतो. उघडलं तर नाव दिपाली रामकिशन.

दिपाली म्हंजे माझी अक्का.

मला न सांगता जीपनं आली होती, फॉर्म भरून गेली सुदिक. नर्सिंगचा फॉर्म. घरी गेलो तर माय भाकरी थापायली होती आन अक्का चुलीपुढं बसून बाला समजावून सांगायली होती. बा म्हंजे आमचा बाप. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचा, ते उन्हाळ्यातच परत.

"कागद दाखव," बा म्हणला. "निघायच्या आधी हातात कागद दाखव, मी सेलूच्या सोयरिकीवाल्या पाव्हण्यांला नको म्हणतो. कागद न्हाई तर मंग मला इचारायचं न्हाई. पोरगी घरात ठेवून मी कवर रानात फिरू?"

"बाजारच्या दिवशी भेटणार हाय कागद," अक्का म्हणली. तिचा चेहरा असा झाला होता, जसं काही कोणी आतून दिवा लावलाय.

म्हणलं, आजच जाऊन परत लावून टाकावं. मंग बजरंगची मिशी आठवली. म्हणलं, बाजारच्या दिवशी सकाळी काका बोंबलला की फोटो गुपचूप परत टाकू. एवढ्यानं काय होतंय.

४

बाजारच्या दिवशी काकानं प्रिंटर चालू केला, फोल्डर उघडलं, तर ते रिकामं.

मी आन बजरंग दारात उभं होतो. बाकड्यावर तिघं. डाव्या टोकाला बायनामाय, मंग सटवाआज्जा, मंग अक्का, वेणीफणी करून आलेली. काकानं ढग उघडला, खोका उघडला, तिकोन उघडला. मानेवर घाम आलेला दिसायला.

"सर्व्हर गेलंय," तो म्हणला. त्याला दुसरं काय सुचणार. "बसा जरा. नंबर आला की सांगतो."

बजरंगनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. "जिंकलास रे भडव्या."

मी हसत हसत बाहेर येऊन पायरीवर बसलो. म्हणलं आता टाकावं परत. मोबाईल काढला, बायनामायची पावती उघडली.

काळी.

पान न्हाई, खूण न्हाई. वाटलं नेट गेलं. मोबाईलचा उजेड वाढवला. काळ्यात करड्या रेघा दिसायल्या. बोटांनी मोठं केलं. बाकडं होतं. बाकड्याच्या डोक्यावर अक्षरं होती, उलटी, आरशात दिसतेत तशी. नंबर आल्याशिवाय उठू नये. आन टोकाला, गुडघ्यावर हात ठेवून, बायनामाय.

आता ऐका. स्क्रीनशॉट म्हंजे काय फोटो न्हाई. समोर कॅमेरा नसतो. कंप्युटर आतल्या आत आपलंच चित्र काढतो. काचेवर माशी बसली तरी त्यात माशी येत न्हाई. बाहेरची सावली यायचा तर प्रश्नच न्हाई. हे मला झोपेतून उठवून इचारा, सांगंन. माझं एवढं एकच शिक्षण हाय.

म्हणून मी स्वतःला म्हणलो, कोणीतरी माझीच मजा घेतलीय. बजरंगनं.

आत डोकावलं. बायनामाय बाकड्यावर बसलेली, ऊन थेट तिच्या पायापर्यंत आलेलं. परत मोबाईलात बघितलं. तिथं ऊन नव्हतं. तिथं शटर खाली ओढलेलं होतं, आन पट्ट्यांच्या फटीतून बारीक बारीक उजेड यायला.

पावती परत टाकायची तर टाकणार काय?

५

दुसऱ्या दिवशी बजरंगनं स्टँडवर सगळ्यांसमोर मिशी काढली. सोललेल्या शेंगेसारखा दिसायला. मी हसलो, पण हसू आपोआप बंद पडलं. दोघं वाडीकडं निघालो. रस्त्यात मी त्याला इचारलं, "खरं सांग, माझ्या मोबाईलला हात लावला होतास का?"

"आईची आन."

बायनामायच्या घरावरून जाताना ती अंगणात दिसली. भिंतीकडं तोंड करून बसलेली. भिंत तिच्यापासून हातभर लांब. हात गुडघ्यावर. तिची सून बाजेवर गहू निवडायली होती.

"काय झालं मायला?" मी इचारलं.

"काय की. काल बाजारातून रिकाम्या हातानं आली आन तशीच बसलीय. जेव म्हणलं तर जेवती, खालून परत बसती. काय करायलीस म्हणलं तर म्हणती नंबर यायचाय."

"कशाचा नंबर?"

"तिलाच इचार."

मी न्हाई इचारलं. बायनामायच्या पाठीकडं बघत मागं मागं सरकलो. ती पाठ मी कुठंतरी बघितल्यासारखी वाटली, मंग कळलं. खुर्चीत बसलेल्या काकाची दिसायची तशी. समोर काहीतरी चालू हाय, आन आपल्याला मागं बसून बघायचंय.

वाडीच्या पारावर आलो तवा मी बजरंगला मोबाईल दिला. म्हणलं, बघ, काय दिसतंय.

त्यानं डोळ्याजवळ धरला. लांब धरला. म्हणला, "नुसतं काळं हाय."

"उजेड वाढव."

वाढवला. मंग बोटांनी मोठं केलं. मिशी नव्हती म्हणून असंल, पण त्याचा वरचा ओठ थरथरायला मला साफ दिसला.

"सटवाआज्जा कवा बसला तिथं?" तो म्हणला.

मी मोबाईल हिसकला. तोच फोटो, बायनामायच्या नावाचा. काल तिथं ती एकटी होती. आता तिच्या बाजूला टोपीवाला माणूस होता, हातात काठी.

सटवाआज्जाचं घर पाराच्या समोरच. दोघांनी एकदमच तिकडं बघितलं. आज्जा ओट्यावर बसला होता. तोंड भिंतीकडं.

बजरंग उठला. "मला घरी काम हाय," म्हणला. पैज लावणारा तोच, आन असा पळाला की चप्पल पारावरच ऱ्हायली.

६

अक्काची पावती अजून पांढरी होती.

मी ती दर दोन मिनिटाला उघडून बघायचो. हिरवी खूण हाय. नाव हाय. नंबर हाय. म्हणलं, ही तरी वाचवू. सांगायला कशाला पाहिजे कोणाला? नुसता कागद काढून आणू आन तिच्या हातात देऊ. काम बी होईल, बोभाटा बी होणार न्हाई.

पाथरीला गेलो, तिथं मला ओळखणारं कोणी न्हाई. एका झेरॉक्सवाल्याला फोटो पाठवला. त्याच्या कंप्युटरवर पांढरा उघडला, मी माझ्या डोळ्यानं बघितला. प्रिंटर घरघरला आन कागद बाहेर यायला लागला. वरची कड काळी आली. मंग अजून काळी. माणूस शिव्या द्यायला लागला, "काय पाठवलंस रे, सगळी शाई पिली की ह्यानं." कागद ओला होता. मी तो उन्हाकडं धरला न्हाई. घडी करून नालीत टाकला.

मोबाईलात बघितलं तर तिथं बी काळी.

मंग मी पागल झाल्यासारखं करायला लागलो. पुसून टाकली, तर तिकोनानं परत आणली. तिकोन काढून टाकलं, तर निळ्या ढगातून निरोप आला, तुमचे स्क्रीनशॉट सुरक्षित आहेत. मोबाईलात ढग मी कधी टाकलाच नव्हता. खोक्यातून बी आला. तिघं कंप्युटरवर भांडायचे, ते आता माझ्या खिशात एका तोंडानं बोलायला लागले होते. आमच्याकडं हाय. आमच्याकडं हाय. आमच्याकडं हाय.

तिन्ही ठिकाणी तेच बाकडं. बायनामाय, सटवाआज्जा. आज्जाच्या बाजूला तिसरं कोणीतरी, वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली. चेहरा बघायच्या आधी मी मोबाईल बंद केला.

घरी आलो तर दुपार कलायली होती. भांडी अर्धी घासलेली, अर्धी राखेत पडलेली. अक्का भिंतीजवळच्या दगडावर बसली होती.

"अक्का, काय करायलीस?"

"बसलीय."

"भांडी घास की."

"माझा नंबर यायचाय, येड्या." आवाज तिचाच होता. ज्या आवाजात ती मला चहा घे म्हणती त्याच. भिंतीवरची नजर काही हलली न्हाई. मी भिंतीकडं बघितलं. शेणानं सारवलेली भिंत, बोटांचे माग. दुसरं काही नव्हतं.

बा रातच्याला मेंढरं कोंडायच्या वाघुरीच्या जाळ्या बांधायला होता. उद्या निघायचं होतं.

"दिपे," तो तिकडूनच ओरडला, "कागद आला का?"

अक्का भिंतीकडंच बघत ऱ्हायली.

"बरं मंग," बा म्हणला, लय हळू. रागावला असता तर बरं झालं असतं. "उद्या निघताना पाव्हण्यांला फोन लावतो."

आत्ता सांगायचं, मी स्वतःला म्हणलो. बा, माझ्यामुळं झालंय. तोंडात शब्द आला, दातापर्यंत आला. बानं जाळीची गाठ आवळली. मी पाणी प्यायला गेलो.

७

दुसऱ्या दिवशी बा दुपारचं जेवून निघणार होता. मी सकाळच्या जीपनं मानवतला आलो आन काकाची जेवायला जायची वाट बघत समोरच्या बोळीत उभा ऱ्हायलो. जेवायला जाताना काका शटर नुसतं ओढायचा, कुलूप लावायचा न्हाई. चोरायला होतं काय तिथं.

काका गेला. मी शटर गुडघ्याएवढं उचललं, आत सरपटलो आन मागून परत ओढलं.

आत लय उकडायलं होतं. पंखा बंद. पट्ट्यांच्या फटीतून बारीक बारीक उजेड. तो उजेड बघितल्याबरोबर कळलं, हे मी बघितलेलं हाय. फोटोत असंच होतं.

बाकडं रिकामं होतं. मी हात फिरवून बघितलं. लाकूड, धूळ, एक वाकलेला खिळा. कोणी न्हाई.

"कोणी न्हाई," मोठ्यानं म्हणलो. स्वतःलाच धीर यायला.

खुर्चीत बसलो. माझं खातं काढलं, काकाचं टाकलं. मोबाईलातून जुन्या तिन्ही पावत्या काकाच्या फोल्डरात टाकल्या. नावं तशीच, आतून काळ्या. मंग म्हणलं बटन दाबून बघावं, आता कुठं जातंय. दाबलं. कोपऱ्यात चौकट आली. एकच. तिच्यावर ढग नव्हता, खोका नव्हता, तिकोन बी नव्हतं. नुसतं लिवलेलं होतं.

स्क्रीनशॉट कुठं ठेवू?

खाली उत्तर द्यायला बटनच नव्हतं.

मी माऊस हलवला. काही होईना. थांबलो. मागं बाकडं करकरलं. उन्हानं लाकूड करकरतं, हे मला माहीत हाय. आमच्या दाराची चौकट बी करकरती. मी मान वळवली न्हाई. वळवायची गरजच काय?

तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. कोणी हात लावला न्हाई की होती ती, वीज वाचवायला. काळी काच. आन काचेत खोली.

उलटी अक्षरं आधी दिसली. त्याच्या खाली तिघं. बायनामायचा पदर, आज्जाची काठी, अक्काची वेणी. गुडघ्यावर हात. सगळे माझ्याकडं बघायलेत, म्हंजे माझ्या पाठीकडं. मी झटकन वळलो.

बाकडं रिकामं. पण फळी. फळी मधोमध खाली वाकलेली होती. माणसं बसल्यावर वाकती तशी.

परत काचेकडं बघितलं. एवढंच बघायचं होतं की मी तरी नीट दिसतोय का. माणूस काळ्या काचेत आधी स्वतःचं तोंड बघतो. शटर दिसलं, बाकडं दिसलं, ते तिघं दिसले. समोर खुर्ची दिसली, तिची पाठ, तिच्यावर टाकलेला काकाचा टॉवेल.

खुर्ची रिकामी होती.

खिशात टिंग वाजलं.

८

शटर खडखडत वर गेलं. ऊन एकदम आत घुसलं, डोळे मिटले माझे.

"येडबा? आन बाकड्यावर काय बसलायस असा?"

मी खाली बघितलं. माझे हात माझ्या गुडघ्यावर होते. मी बाकड्यावर होतो, अक्काच्या जागेच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून. खुर्चीतून मी उठलो कवा? उठलो असतो तर कळलं असतं. माझे पाय माझे हायेत.

"काय काम होतं रे?" काका दात कोरत खुर्चीत बसला. त्याची पाठ माझ्याकडं झाली.

तोंड उघडलं तर आतून काय यायलंय हे मला कळलं आन मी दात आवळले. माझा नंबर. एवढंच वाक्य होतं तिथं. बाकी सगळी शिवीगाळ, विनोद, थापा, सगळं कोणीतरी झाडून नेल्यासारखं. नुसतं ते वाक्य घशात बसलेलं, आरामात, वाट बघत.

"काका," मी म्हणलो. मला एवढं म्हणायला लय ताकद लागली.

"बोल."

"पावत्या... ते ढगानं घेतल्या होत्या. निळ्या ढगानं."

माझ्या बाजूला फळी अजून खाली दबली. कोणीतरी सरकून मला जागा करून दिली असं वाटलं. जवळून, अंगाला अंग लागंल इतक्या जवळून.

"ढगानं न्हाई," मी ओरडलो. "बायनामायची पावती माझ्याकडं होती! तिला द्या. ती जिवंत हाय!"

फळी जराशी वर आली. शपथेवर सांगतो, माझ्या बुडाखाली कळलं.

काका वळला. "काय बोलायलास?"

"सटवाआज्जाची बी होती. शेळ्यांची. अक्काची होती, नर्सिंगची. काका, फोल्डर उघडा. बा निघायलाय, आत्ता उघडा!"

काकानं माझ्याकडं बघितलं, मंग माऊस हलवला. फोल्डर उघडलं.

"आरं! हायेत की सगळ्या," तो म्हणला. पांढरं पान. हिरवी खूण. त्यानं आईशप्पथ काही इचारलं न्हाई, आधी प्रिंटर चालू केला. एक कागद आला. दुसरा आला. तिसऱ्यावर दिपाली रामकिशन, आन खाली नंबर, बारीक, काळा, कोरडा. मला रडू फुटलं. टेबलावरचा काकाचा मोबाईल वाजला. त्यानं कानाला लावला, म्हणला, "हाव दिपाली, आलाय तुझा कागद. येडबा हितंच बसलाय, घेऊन यायलाय. बाला म्हण थांब." मला म्हणला, "तुझी बहीण हाय. म्हणती भांडी घासता घासता एकदम आठवण झाली."

मी उठायला गेलो.

उठता येईना.

प्रिंटर अजून घरघरायला होता. चौथा कागद बाहेर यायला. वरची कड काळी. मंग सगळाच काळा, ओला, शाईचा वास येणारा. काकानं तो दोन बोटांनी उचलला, उन्हाकडं धरला आन कपाळाला आठ्या घालून बघायला लागला. मी बसलो होतो तिथून मला त्या काळ्यात उलटी अक्षरं दिसायली. खाली बाकडं. बाकड्यावर एकच जण.

"पावत्या तीन," काका म्हणला. त्याचा आवाज उतरला होता. "हे चौथं कोणाचं रे?"

मी आजूबाजूला बघितलं. बाकी कोणीच नव्हतं आता.

"माझं," मी म्हणलो. "काका, मी केलंय. पैज लावून केलंय. सगळं मीच केलंय."